सुभेदारांचं निव्वळ वजन

“पाचशे नव्वद किलो!”

एवढं बोलून उदयसिंह सुभेदार थांबायचे. ऐकणाऱ्यानं तोंडात बोट घालावं म्हणून मुद्दाम जागा सोडायचे. पण पलूसात पाचशे नव्वद किलोंचं कौतुक कुणाला? एकानं तर सरळ विचारलं, “दूध किती देती?”

सुभेदारांनी त्याला त्या दिवसापासून रामराम घालायचं बंद केलं. कारण पाचशे नव्वद किलो हे म्हशीचं वजन नव्हतं, त्यांच्या गाडीचं होतं! दोन माणसांची, बिनछपराची, पिवळी धमक स्पोर्ट्स कार. आत बसलं की बूड रस्त्यापासून वीतभर वर. पुण्याच्या एका मणक्याच्या डॉक्टरकडून त्यांनी ती घेतली होती. डॉक्टरांनी ती का विकली हे विचारायचं सुभेदारांच्या लक्षात आलं नाही. पहिल्यांदा गाडीतून उतरताना मात्र आलं.

सुभेदार सैन्यात रणगाडा चालवायचे. चाळीस टनांचं ते धूड अर्धा जन्म वाळवंटातून हाकल्यावर माणसाला हलक्या वस्तूचं वेड लागलं तर नवल काय? निवृत्तीनंतर नऊ वर्षं त्यांच्या डोक्यात एकच होतं. हलकी गाडी घ्यायची आणि एकदा तरी ट्रॅकवर अशी सोडायची, की बघणाऱ्यांच्या टोप्या उडाल्या पाहिजेत!

आणि तो योग आला होता. सीमेपलीकडं कर्नाटकात एका जुन्या धावपट्टीवर हौशी लोकांच्या गाड्या पळणार होत्या. हलक्या गटाची अट एकच होती. गाडी आणि चालवणारा मिळून साडेसहाशे किलोंच्या आत. वजनकाट्याची पावती फॉर्मला जोडून शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत पाठवायची.

सुभेदारांनी हिशोब मांडला. गाडी पाचशे नव्वद, आपण अठ्ठ्याहत्तर. अठरा किलो जास्त!

“आवं, अठ्ठ्याहत्तर कवाचं?” त्यांच्या बायकोनं, क्रांतीबाईंनी, वह्या तपासता तपासता विचारलं. त्या शाळेत गणित शिकवायच्या.

“सैन्याच्या कागदावर हाय!”

“कागदाला नऊ वर्षं झाली.”

“सैन्याचा कागद खोटा नसतो,” सुभेदार म्हणाले आणि तिसऱ्या भाकरीवर तुपाची धार धरली. वजन कमी करायचं ते गाडीचं, यावर त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

गाडी आष्ट्याला मोहिद्दीनच्या गॅरेजात गेली. मोहिद्दीननं आयुष्यभर ट्रॅक्टर आणि जीप उघडल्या होत्या. पण या गाडीवर त्याचा जीव जडला होता. तिचं बोनेट उघडण्याआधी तो साबणानं हात धुवायचा. सुभेदार शेजारी उभे राहून फर्मान सोडत होते आणि मोहिद्दीन जड मनानं एकेक वस्तू काढत होता. स्टेपनी गेली. शेजारची सीट गेली. खालचं कार्पेट गेलं, हत्यारांची पेटी गेली. शेवटी सुभेदारांचं बोट हॉर्नवर आलं.

“सुभेदार, ह्यो तरी ऱ्हाऊ द्या. सव्वा किलोचा बी न्हाई.”

“ट्रॅकवर हॉर्न कुणाला वाजवायचा रं? पुढं कोण असलं तर ना!”

हॉर्न गेला.

शुक्रवारी दुपारी सुभेदार वजन करायला निघाले. मागून मोहिद्दीन फटफटीवर. पलूसचा वजनकाटा नेमका दुरुस्तीला उखडलेला. दुसरा काटा जवळच्या साखर कारखान्याचा. आणि दिवस ऐन हंगामाचे!

गेटवरच्या वॉचमननं गाडीकडं पाहिलंसुद्धा नाही. आत येईल त्या वाहनाला टोकन द्यायचं हे त्याचं काम, ते त्यानं केलं. सुभेदार रांगेत लागले. पुढं उसाची ट्रॉली, मागं उसाची ट्रॉली, मधे ही पिवळी गाडी. दोन हत्तींच्या मधे लिंबू ठेवावं तशी! पुढच्या ट्रॉलीतल्या उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, सुभेदारांच्या मिश्यांवरून फिरत होतं. दोन तासांनी गाडी एकदाची काट्यावर चढली.

काट्याच्या खिडकीत अमृत नावाचा कारकून होता. खिडकी उंच, गाडी बुटकी. त्याला फक्त सुभेदारांची टोपी दिसली.

“ओ पाव्हणं! काट्यावर चालत कुठं आलाय? उतरा खाली!”

“मी गाडीत हाय!”

अमृतनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून खाली पाहिलं. मग तो आत जाऊन कॉम्प्युटरपुढं बसला. “हितं तीनच रकानं हायती. ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाडी. कशात घालू?”

“ही स्पोर्ट्स कार हाय!”

“बैलगाडी लिवतो. वजनाला तीच जवळ पडतीय. बैलं किती?”

“बैल न्हाईत! एकशेवीस घोड्यांची ताकद हाय हिच्यात!”

“घोड्याचा रकाना न्हाई,” अमृत म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं. “भरलेलं वजन झालं. चला पुढं.”

“पावती?”

“पावती रिकामं वजन झाल्यावर. आधी गव्हाणीवर जावा, ऊस उतरवा, मग पलीकडच्या काट्यावर या.”

“पण ह्यात ऊस न्हाई!”

“मग भरलेल्या काट्यावर कशाला आला?”

मागच्या ट्रॅक्टरवाल्यांनी हॉर्नचा असा कल्लोळ केला, की अमृतनं घाईनं फोन उचलून गव्हाणीवर कळवलं, “एक बारकी बैलगाडी येतीय. पटदिशी मोकळी करा, मागं लय रांग लागलीय!”

गव्हाण म्हणजे कारखान्याचं तोंड. क्रेननं ऊस उचलायचा, गव्हाणीत टाकायचा, आत चरकात त्याचा रस निघायचा. क्रेनवर गुंडा नावाचा ऑपरेटर बसला होता, तीन मजले वर. खाली साखळी अडकवणारा गडी होता. सतरा हंगाम त्यानं येईल त्या गाडीला साखळी अडकवली होती. आता तो गाडीकडं बघायचासुद्धा नाही. त्यानं हात घातला, हाताला सुभेदारांच्या डोक्यामागची जाड लोखंडी कमान लागली. गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून बसवलेली. गड्यानं तिला साखळी अडकवली, मागच्या दांडीला दुसरी अडकवली आणि वर बघून शीळ घातली.

सुभेदारांना आधी वाटलं, गाडीचा क्लच सुटला. मग बाजूचा ट्रॅक्टर खाली जायला लागला. मग ट्रॅक्टरची ट्रॉली खाली गेली. मग सुभेदारांना समोर कारखान्याचं पत्र्याचं छप्पर दिसलं आणि त्यावर बसलेली दोन कबुतरं!

“आरं ए ऽऽ!” सुभेदार ओरडले. त्यांनी सवयीनं स्टिअरिंगच्या मधोमध मूठ हाणली. आवाज आला तो फक्त मुठीचा.

खाली मोहिद्दीननं फटफटी टाकून दिली होती आणि तो दोन्ही हात वर करून धावत होता. “सोडू नको! सोडू नको गड्या! त्यात मानूस हाय!”

क्रेनच्या घरघराटात गुंडाला ऐकू आलं ते एवढंच, “सोड गड्या!” त्यानं क्रेन गव्हाणीच्या दिशेनं वळवली. साडेपाचशे किलोंची ती गाडी वाऱ्यावर डुलत निघाली, जत्रेतल्या पाळण्यासारखी. चाळीस टनांच्या रणगाड्यात बसून जे सुभेदार कधी घाबरले नव्हते, त्यांनी पहिल्यांदा गाडीच्या हलकेपणाला शिव्या घातल्या. खाली गव्हाणीत उसाची कांडकी खळाखळा आत सरकत होती.

पुढं काय झालं असतं ते सांगवत नाही. पण गाडी गुंडाच्या काचेसमोर आली आणि सुभेदारांची व त्याची नजरानजर झाली. मोळीला मिश्या बघून गुंडाचा हात जागच्या जागी थिजला.

“आवं, तुमी कोन?”

“निवृत्त नायब सुभेदार उदयसिंह!” लटकत्या अवस्थेतही सुभेदारांनी पूर्ण हुद्दा सांगितला.

“वर कशाला आलाय?”

“मला काय इचारतोस! खाली घे!”

“हिकडं का तिकडं?”

“तिकडं ऽऽ! रिकाम्या काट्याकडं!”

गुंडानं गाडी अल्लद पलीकडं उतरवली. रंगाला ओरखडासुद्धा नाही. मोहिद्दीननं आधी गाडीवरून हात फिरवला, मग सुभेदारांवरून.

पलीकडच्या काट्याच्या खिडकीतही अमृतच होता. दोन काट्यांना तोच एकटा. तो म्हणाला, “माल उतरवा.”

माल म्हणजे सुभेदार! मोहिद्दीननं काखेत हात घालून त्यांना ओढून काढलं. गाडी ढकलत काट्यावर नेली आणि स्वतः बाजूला झाला.

“उसाचा परकार सांगा,” खिडकीतून आवाज आला. “आडसाली का खोडवा? नव्या लागणीचा का तोडल्यावर परत फुटलेला? रकाना भरल्याबिगर पावती निघत न्हाई.”

सुभेदारांनी तोंड उघडायच्या आत मोहिद्दीन म्हणाला, “खोडवा लिवा. सैन्यानं एकदा तोडून न्हेलाय.”

पावती आली. सुभेदारांनी ती आधी जवळ धरून वाचली, मग लांब धरून.

वाहन: बैलगाडी. भरलेलं वजन: सहाशे साठ. रिकामं वजन: पाचशे साठ. निव्वळ ऊस: शंभर किलो.

“तुमचा काटा बिघडलाय!” सुभेदार गरजले.

“त्याच काट्यावर निम्म्या तालुक्याचा ऊस जातोय,” अमृत थंडपणे म्हणाला. “पाल्यापाचटापायी एक किलो वजा करू का?”

सुभेदार गाडीच्या चाकाजवळ मटकन बसले. साडेपाच वाजले होते. दहा किलोंनी गाडं अडलं होतं.

“अजून काय काढता यील रं?” त्यांनी हळूच विचारलं.

मोहिद्दीननं गाडीभोवती एक फेरी मारली. “सुभेदार, गाडीतनं काढण्यासारखं आता एकच उरलंय.” आणि तो त्यांच्याकडं बघत उभा राहिला.

मग मोहिद्दीन नखातलं ग्रीस काढत म्हणाला, “वहिनींचं नाव घाला.”

“क्रांतीचं? तिनं ही गाडी कवा चालवलीया?”

“तुमी दुपारी झोपता तवा.”

गाडीचा मीटर चार महिने सुभेदारांच्या हिशोबापेक्षा जास्त किलोमीटर दाखवत होता. मोहिद्दीननं तो दोनदा उघडून, पुसून, तसाच परत बसवला होता. आता सुभेदारांना उलगडा झाला. क्रांतीबाईंचं माहेर कोयनानगरचं. वडील धरणावर जीप चालवायचे, त्यामुळं घाटातली वळणं ही पोर पाढ्यांच्या आधी शिकली होती. आणि शाळेला सुट्टी असली की त्या गाडी घेऊन माहेरी जाऊन, आईच्या हातचा चहा पिऊन, सुभेदार जागे व्हायच्या आत परत यायच्या!

सुभेदारांनी फोन लावला. “क्रांते, तुझं वजन किती?”

“चौपन्न. का हो?”

सुभेदारांनी सगळं सांगितलं. क्रेनचं सोडून.

“आवं, नऊ वर्षं तुमी हेच बोलत आलाय,” क्रांतीबाई म्हणाल्या. “ह्या वर्षी ऱ्हाऊ द्या. तुमी वजन उतरवा, पुढच्या वर्षी तुमीच जावा. मी न्हाई बसत.”

सुभेदारांनी गाडीकडं पाहिलं. धुळीत आणि पाचटात माखलेली, पण पळायला टपलेली.

“न्हाई,” ते म्हणाले. “गाडी पळाया पायजे. बस तू.”

सहाला चार मिनिटं कमी असताना फॉर्म गेला: रिकामी गाडी पाचशे साठ, क्रांतीबाई चौपन्न, मिळून सहाशे चौदा. पावतीवरचं ‘बैलगाडी’ आणि भरलेलं वजन मोहिद्दीननं अंगठ्यानं झाकून फोटो काढला.

रविवारी धावपट्टीवर हलक्या गटात पाच गाड्या होत्या. क्रांतीबाईंनी पदर खोचावा तशी ओढणी खोचली, हेल्मेट घातलं आणि गाडी सोडली. पहिल्याच वळणाला सुभेदारांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी तीन वळणं पुढं गेली होती! मोहिद्दीन तोंडात रुमाल कोंबून उभा होता. सुभेदार कठड्याला धरून “गिअर! गिअर बदल!” असं ओरडत होते, पण ते सांगेपर्यंत बाई बदलून मोकळ्या होत होत्या. त्यांचा दुसरा नंबर आला. पहिला आलेला तरुण त्यांच्यापेक्षा अर्ध्या सेकंदानं पुढं होता आणि उतरल्या उतरल्या त्यानं आधी मागं वळून बघितलं.

बक्षीस देताना माईकवाल्यानं विचारलं, “मॅडम, एवढ्या जोरात गाडी पळाली, याचं श्रेय कुणाला द्याल?”

“सगळं श्रेय ह्यांचंच,” क्रांतीबाईंनी गर्दीत बोट दाखवलं.

सगळ्या माना वळल्या. सुभेदारांनी छाती काढली, मिशीवर हात फिरवला आणि नमस्काराला हात जोडले. मोहिद्दीननं टाळ्या सुरूसुद्धा केल्या.

“म्हणजे नेमकं काय केलं त्यांनी?”

“काय न्हाई,” क्रांतीबाई म्हणाल्या. “गाडीतनं उतरले.”