बारावा साचा

चि. ओंकार आणि चि. मीरा,

गेल्या पत्रात ओंकारने लिहिलं आहे की तो आणि त्याचे मित्र जुन्या लढायांच्या खेळासाठी धातूचे सैनिक ओतणार आहेत आणि सध्या नव्या साच्यांची यादी चालली आहे. यादीही पाठवलीस. घोडेस्वार, बंदूकवाले, भालेकरी, तोफा. खाली लिहिलंस, "आज्जी, तुला यातलं काही कळणार नाही, पण गंमत म्हणून वाच."

मला कळतं. तुझ्या यादीत पाणी नेणारा माणूस नाही, हे पहिल्याच वाचनात माझ्या लक्षात आलं. हे पाहायला मला ज्यांनी शिकवलं, त्यांच्याबद्दल मी आजवर कुणाला काही लिहिलं नव्हतं. यादी अजून कच्ची आहे असं तू म्हणतोस, म्हणून आत्ताच लिहायला बसले.

"पाणी कोण न्हेणार?" हा सुभेदार नानांचा प्रश्न. साठच्या दशकात आम्ही साताऱ्याला राहायचो आणि आमच्या खालच्या दोन खोल्यांत नाना. कोरेगावकडचे. घरचा ऊस होता, पण तो भावावर सोपवून पेन्शनीवर एकटे राहत. बायको कधीच वारली होती. कुठल्याही बेताला त्यांचा हा एकच प्रश्न असे. तुमचे आजोबा मुंबईला मुलाखतीला निघाले, तर जिन्यात उभे राहून नानांनी शुभेच्छा दिल्या नाहीत. "रेल्वेत पाणी कोण देणार?" एवढंच विचारलं. शेजारच्या मुलीचं लग्न ठरलं, तिचे वडील पेढे घेऊन आले. नानांनी पेढा हातात धरून विचारलं, "वऱ्हाड किती? पाणी कोण भरणार?"

मी तेव्हा मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. आमची सहल अजिंक्यताऱ्यावर निघाली तेव्हा मी त्यांना आधीच सांगितलं, "नाना, वर टाकं आहे."

"टाकं हाय. पवरा हाय का?"

पोहरा मी विसरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस मुली ओळीने गड चढत होत्या आणि त्यांच्या मागे इस्त्रीचा कोट, छातीवर पदकं आणि खांद्यावर घागर अशा थाटात नाना चढत होते. मुली हसल्या. वर पोचल्यावर सगळ्यांत आधी त्याच घागरीभोवती जमल्या.

आता साच्यांकडे येते. माझे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा, सांगलीला शाळेत इतिहास शिकवत. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. ते एकदा आमच्याकडे आले असताना नानांशी वाद झाला. दोनशे वर्षांपूर्वीची मराठी फौज भरल्या कृष्णेतून कशी उतरली असेल, हा विषय. आप्पांनी बखरी काढल्या. नानांनी काड्यापेटीच्या काड्या मांडल्या. त्या काड्यांतून पुढे तो खेळ निघाला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सांगलीला आप्पांच्या माडीवर लढाई होई. जुनं दार आडवं टाकून मैदान, त्यावर हिरवं लुगडं, लुगड्याखाली डोंगर. डोंगरांत सर्वांत उंच माझी इंग्रजी डिक्शनरी. किती पावलं चालायचं, कुणी मरायचं, हे सोंगट्यांच्या फाशांवर ठरे.

सैनिक नाना करायचे. शंखजिऱ्याचा मऊ दगड घ्यायचा, त्याच्या दोन फळ्या घासून एकमेकींवर सपाट बसवायच्या आणि दोन्हींत आतून माणूस कोरायचा. मग फळ्या बांधून वरच्या भोकातून वितळलेलं शिसं ओतायचं. थंड दगडात ओतलं तर पाय अर्धेच येतात, म्हणून साचे आधी चुलीशेजारी शेकत बसलेले असत. पहिल्या दिवशी शिसं ओतायला नानांनी माझी आमटीची पळी नेली. ती मी परत घेतली नाही. "नाना, ती आता तुमच्याकडेच भरती झाली," म्हटलं, ते त्यांना फार आवडलं. लढाईत मेलेले सैनिक नाना त्याच संध्याकाळी वितळवून पुन्हा ओतत. "मेला त्यो उद्या भरती," हे त्यांचं सूत्र.

पहिली फौज मी कापसात गुंडाळून डब्यातून एसटीने सांगलीला नेली, नाना बरोबर होते. आप्पांनी चष्मा लावून एकेक उचलला आणि म्हणाले, "सुभेदार, ही सगळी फौज डावखुरी आहे हो!"

खरंच होती. दगडात जो हात उजवा कोरला, तो शिशात डावा उतरला होता. पंचवीस मावळे, पंचवीस तलवारी, सगळ्या डाव्या हातात.

नाना डगमगले नाहीत. "आसू द्या की मास्तर. समोरचा गडी बुचकाळ्यात पडंल."

"बखरीत असं एकही पथक नाही."

"बखर लिवणारा समोरच्या बाजूला आसंल. त्येला काय उमगणार?"

आप्पांनी ती फौज स्वीकारली नाही. सगळी पुन्हा मुशीत गेली आणि मला काम मिळालं. मी शाळेच्या वहीत तांबड्या शाईने रकाने आखले. साच्याचा अनुक्रम, माणूस, दगडातला हात, शिशातला हात. नाना कोरायच्या आधी वहीवर बोट ठेवून तो रकाना मोठ्याने वाचत.

त्या वहीत एका उन्हाळ्यात नव्या बारा साच्यांची यादी झाली. तुमच्यासारखीच, फक्त भांडण जास्त. आप्पांना घोडेस्वारांचे चार प्रकार हवे होते. नानांना नालबंद, गवत कापणारा आणि दाण्याची गोणी वाहणारा बैल हवा होता.

"लढाई करायची आहे का बाजार भरवायचाय?" आप्पा चिडले.

"बाजार न्हाई त्यी फौज दोन दिसात घरला येती, मास्तर. आन पाणी कोण न्हेणार?"

शेवटी तह झाला. बैल आला, गवतवाला गेला, आणि बाराव्या जागी कातडी पखालीतून पाणी नेणारा पखालवाला बसला. त्याच्यासाठी नानांनी नियमही केला. ज्या पथकापर्यंत पखालवाला पोचला नाही, त्या पथकाने तीन डावांनंतर हलायचं नाही. आप्पा कुरकुरले, पण नियम मान्य केला.

यादी पुढे पाच-सहा वेळा बदलली. खालचे साचे वर गेले, वरचे खाली आले. मी प्रत्येक वेळी नवीन पान आखलं. पखालवाला मात्र बाराव्या जागेवरून हलला नाही. ज्याच्यासाठी एवढं भांडले, त्याला नाना स्वतःच शेवटी का ठेवतात, हे मला कळेना. विचारलं तर म्हणत, "त्येला घाई न्हाई."

पाच साचे झाले आणि नानांच्या डोळ्यांनी दगा दिला. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की उजवा डोळा गेल्यातच जमा आहे, आणि डावा बारीक कामाला दिवाळीपर्यंत टिकेल. घरी आल्यावर नानांनी माझी वही मागितली आणि पट्टीही मागितली. उरलेल्या सात साच्यांपैकी सहांवर त्यांनी सरळ रेघा मारल्या. राहिला बारावा.

पंधरा दिवसांत पखालवाल्याचं धोतर झालं, पाय झाले, शिशात उजव्या हातात येईल अशी पखाल झाली. पुढे काम थांबलं. रोज नाना खिडकीशी दगड घेऊन बसत आणि रोज तोंडाची जागा तशीच गुळगुळीत असे.

"नाना, दिसत नाही का?" मी विचारलं.

"दिसतंय की, बाई." मग त्या गुळगुळीत जागेवरून अंगठा फिरवत म्हणाले, "आठवत न्हाई."

त्या दिवशी त्यांनी सांगितलं. मोठ्या लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, ते इटलीत होते, हवालदार होते. एका टेकडीवर त्यांची तुकडी अडकली, नऊ माणसं. खाली ओढा, मधल्या उघड्या उतारावर सारखा गोळीबार. पाणी संपून दोन दिवस झाले होते. त्यांच्याबरोबर आटपाडीचा भिवा होता, झाडलोटीच्या कामावर भरती झालेला. तळावर त्याला पाण्याच्या पिपाला हात लावू देत नसत. "आमीच लावू देत न्हवतो," नाना म्हणाले, "दुसरं कोण?" त्या टेकडीवर तोच डबा घेऊन खाली गेला आणि भरून वर आला. सगळे प्याले. त्या दिवशी कुणी त्याची जात काढली नाही.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग मी म्हनलं, आजून येक खेप कर."

आटपाडी म्हणजे कोरडा मुलूख, त्याला पाण्याचं मोल आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, असं काहीतरी नाना पुटपुटत राहिले. वीस वर्षं त्या माणसाला ते विसरले नव्हते. पण चेहरा पुसत गेला होता, आणि बाराव्या साच्याची त्यांना भीती वाटत होती ती याचीच.

मी म्हटलं, "आटपाडीला जाऊ या."

"काय तोंड घेऊन जाऊ?"

"तेच आणायला जायचं आहे ना?"

हे मी जरा कठोरपणे बोलले, मला आठवतं. शाळेची सवय.

आटपाडीला भिवाची आई होती. घर छोटं, सारवलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली शाळेची पुस्तकं रचलेली. पुस्तकं भिवाच्या मुलीची, शांताची. बाप गेला तेव्हा ती दोन वर्षांची होती, आता तिथल्याच प्राथमिक शाळेत शिकवत होती. नानांनी गाव सांगितलं, पलटण सांगितली. म्हातारीने त्यांना बसायला घोंगडं दिलं. भिवाचा फोटो आहे का, हे मी विचारलं. नव्हता.

म्हातारी नानांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सरकारचं पत्र आलं व्हतं. पाणी आणताना गेला, आसं गुर्जींनी वाचून दावलं. तवापास्नं इचारायचं व्हतं, कुणाला इचारू? ते पाणी पोचलं का?"

पाण्याच्या ज्या प्रश्नाने नानांनी साऱ्या साताऱ्याला भंडावलं होतं, तो आता उलटून त्यांच्यापुढे आला होता.

"पयली खेप पोचली, आई. समदी प्यालो. मी बी प्यालो." नानांचे हात गुडघ्यावर होते. "दुसऱ्या खेपंला मीच धाडला त्येला. त्यो न्हाई म्हनला आसता तरी चाललं आसतं. न्हाई म्हनला न्हाई."

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. म्हातारीने पदर सावरला. मग आत बघून म्हणाली, "शांते, पाव्हण्यास्नी पाणी दे."

शांता तांब्या घेऊन आली आणि तिने तो नानांपुढे धरला. म्हातारी एकदम खेकसली, "आगं, उजव्या हातानं दे! डावरी मेली. लाख येळा सांगितलं."

"आसू दे," नाना म्हणाले. "आसू दे, आई. त्येनं बी डाव्या हातानंच दिल्तं."

ते घटाघट पाणी प्याले. तांब्या रिकामा करून पुन्हा पुढे केला. मीही प्याले.

मग मी वही काढली आणि शांताचं चित्र काढलं. म्हातारी मागून सांगत होती, "नाक त्येचंच. कपाळ त्येचं. हनवटी आयची हाय, ती नगं घेऊ."

"मला मिशी काढणार का?" शांताने विचारलं.

"न्हाई," नाना म्हणाले. "भादरायचा त्यो. रोज. पाणी नसलं तरी." म्हातारी पहिल्यांदा हसली.

साताऱ्याला आल्यावर नानांनी अर्धा झालेला दगड बाजूला ठेवला आणि नवा घेतला. मी म्हटलं, डोळा जपा, फक्त डोकं कोरायचं राहिलंय. त्यांनी ऐकलं नाही. सारी मूर्ती पुन्हा पायांपासून कोरली. दिवाळीच्या आधी चार दिवस साचा झाला.

पुढच्या पहिल्या रविवारी आप्पांनी तो पुतळा बोटांत धरला. बोटाएवढा माणूस, मसुराएवढं तोंड. "नाक सुरेख आलंय," ते म्हणाले, "पण एवढं नाक पटावर कुणाला दिसणार, सुभेदार? आणि हे काय, पुन्हा तीच चूक. हा डावखुरा झाला."

"न्हाई मास्तर. ह्यो हायच तसा."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी वही पुढे सरकवली. त्यांनी वही ओढली, बाराव्या ओळीत शिशातल्या हाताच्या रकान्यात 'उजवा' खोडलं आणि आपल्या अक्षरात 'डावा' लिहिलं. मग फासे उचलले.

त्यानंतर नानांनी साचा कोरला नाही. पुढे दोन वर्षं ते सांगलीला येत, आप्पा त्यांना पट तोंडाने सांगत आणि ते बोटांनी चाचपून सैनिक हलवत. एकदा फाशांनी पखालवाला मेला. नानांनी तो मुशीत टाकला नाही. कोटाच्या खिशात ठेवला.

ओंकार, तुझ्या यादीत एक जागा वाढव. शिसं वितळवताना खिडकी उघडी ठेव आणि घरातली पळी घेऊ नकोस.

बाकी फौज राहिली नाही. आप्पा गेल्यावर तिची वाटणी झाली आणि कुठे कुठे गेली. एक पखालवाला शांताताईंना टपालाने पाठवला होता. तो पोचल्याचं त्यांचं पत्र आलं. नानांच्या खिशातला माझ्याकडे आहे. बाराव्या साच्याच्या दोन्ही फळ्या माझ्या कपाटात, खालच्या खणात आहेत. दगडाला तडा गेलेला नाही.

तुमची,
आज्जी