निळ्या समुद्राची चोरी

माझी बुद्धी इतकी धारदार आहे, की कधीकधी ती मलाच लागते. पंधरा वर्षं मी गुप्तहेर आहे आणि आजवर एकही गुन्हेगार माझ्या हाती लागलेला नाही. माझ्या धाकाने ते समोरच येत नाहीत, त्याला मी काय करू?

माझ्या थोरल्या बहिणीची बालवाडी आहे. तिथली मुलं स्पर्शाचा खेळ म्हणून परातीत हात घालून चिवडतात, बरबटतात आणि तोच हात तोंडात घालतात. म्हणून परातीत सगळं खाण्याचंच असतं: ओट्सचा चिखल, बिटाने रंगवलेली मॅकरोनी, जेली. मोठ्या माणसाने चव घेतल्याशिवाय परात मुलांपुढे जायची नाही, हा ताईचा कडक नियम. मीही तो मनापासून पाळतो.

त्या दिवशी परातीत निळ्या जेलीचा समुद्र होता, आणि तो एकीसाठीच होता. साडेतीन वर्षांच्या या बाईंना आम्ही राणीसरकार म्हणतो, कारण ओल्या, चिकट वस्तूला त्या बोटसुद्धा लावत नाहीत. तीन आठवडे ती भिंतीला पाठ लावून इतरांची मजा बघत होती. आदल्या दिवशी मात्र आपणहून म्हणाली, "निळं असेल तर लावीन." ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं.

साडेदहाला ताईने फ्रीज उघडला. समुद्र गायब! परातीच्या तळाशी गाजराचे चार मासे तेवढे पडले होते.

"आता तिला काय सांगू रे?" ताई रडवेली झाली. "आज मन मोडलं, तर पुन्हा पुढे यायची नाही ती."

"कुणीही हलायचं नाही!" मी गरजलो.

"मुलांना शू लागलीय," मदतनीस मावशी म्हणाल्या.

"त्यांनी हलावं."

मी भिंग काढलं. फरशीवर पांढरी पावलं होती. "बूट नऊ नंबरचा. पाय फेंगडे. माणूस महाधूर्त!"

"तुमचीच आहेत ती," मावशी म्हणाल्या. "मघाशी कॉर्नफ्लोअरच्या परातीत पाय दिलात ना?"

मी वर्णनातला 'महाधूर्त' तेवढा कायम ठेवला.

मग माझा संशय सकाळपासून तिथे काम करत असलेल्या नळ दुरुस्तीवाल्यावर गेला. त्याचा शर्ट निळा होता.

"अरे, तो आला तेव्हाच निळा होता," ताई म्हणाली.

"म्हणजे पूर्वतयारीनिशी आला!"

शेवटी मी मुलांना रांगेत उभं करून जिभा तपासल्या. चौदा जिभा, सगळ्या गुलाबी. एकीवर माझ्याच कोटाचं बटण सापडलं.

कोपऱ्यातून राणीसरकार म्हणाल्या, "मोठ्यांच्या बघा ना."

मावशींची जीभ निळी. नळवाल्याचीही निळी.

"नियम आहे म्हणून मीच दिली त्याला," मावशी पुटपुटल्या. "दोन वाट्या."

ताईची निळी. "गोडी कळेना गं, म्हणून चारदा बघितली."

"आणि मामा, तुमची?"

माझी गोष्ट वेगळी होती. विषबाधेची शक्यता गृहीत धरून मी भातवाढीने सखोल तपास केला होता. नाइलाजाने मी खाली बसून जीभ बाहेर काढली.

राणीसरकार जवळ आल्या. "सगळ्यात निळी!" असं म्हणून त्यांनी माझ्या ओल्या, चिकट जिभेवर बोट ठेवलं. मग दुसरं. मग अख्खा तळहात.

मावशी साबण घेऊन तयार उभ्या राहिल्या. ताई हसत होती आणि डोळेही पुसत होती. "हलू नकोस रे! दहा मिनिटं तसाच बस!"

पंधरा वर्षांत पहिल्यांदाच माझ्या हाती गुन्हेगार लागले होते, तेही चार, आणि मला ते जाहीर करता येत नव्हतं.

"मामा," राणीसरकार जीभ चिवडत म्हणाल्या, "उद्या लाल आणा हं."