मागील पानी न पोचलेल्या नावांची हकीकत

सत्यास साक्ष ठेवून, ऐकिले तैसे लिहिले आहे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, श्रावण वद्य सप्तमीस राज्यात नदीने मर्यादा सोडिली. ते समयी राज्याचा कारभार संकेतस्थळी चाले. रयतेने मोबाइलावरून अर्ज गुजरावा आणि दिवाणांनी हुकूम द्यावा ऐसा शिरस्ता. त्या स्थळाचा दरवाजा गिरमाजी सबनीस यांणी बांधिला होता. दरवाजाची रीत ऐसी की, अर्धी घटका लोटली म्हणजे मनुष्याची ओळख सरे आणि परवलीचा शब्द पुन्हा द्यावा लागे. शब्द खरा ठरला तरी मनुष्य होता त्या पानी न जाता पहिल्या पानी उभा राही, आणि मागील पानी लिहिले ते सर्व पुसले जाई. गिरमाजींस हा दोष ठाऊक होता. चैत्रातच त्यांणी दिवाण रखमाजीपंतांस विनंती केली, "मनुष्य कोठून आला हे दरवाजाने टिपावे आणि तेथेच परत पोचवावे. दोन दिवसांचे काम आहे." पंत बोलिले, "रयतेस हात आहेत, पुन्हा लिहितील. तुम्ही आधी उत्सवाचे पान सजवा." गिरमाजी पान सजवीत बसले.

मग पूर आला आणि पाणतळे गावच्या सरपंच साकवारबाई डोंगरे एकवीस माणसे घेऊन शाळेचे माडीवर चढल्या आणि होड्यांसाठी अर्ज लिहू लागल्या. एकेकाचे नाव, वय, गाव लिहावे ऐसा रिवाज. विचारता विचारता वेळ गेला आणि दरवाजाने परवल मागितली. बाईंनी दिली, तो पुढे पहिले पान. पुन्हा सर्व लिहिले आणि पुन्हा तोच प्रकार. तिसरे खेपेस बाईंनी नावे सोडिली, केवळ "माणसे एकवीस" इतुकेच लिहिले आणि अर्ज पोचला. होड्या निघाल्या, परंतु तोवर माडीची पूर्वेकडील भिंत बसली होती आणि नऊ माणसे पाण्यात गेली होती.

गिरमाजींनी दुसरे दिवशी कोणास न विचारता दरवाजा दुरुस्त केला. काम दोन प्रहरांत सरले. मग ते पाणतळ्यास गेले आणि बाईंस म्हणाले, "तो दरवाजा मी बांधिला."

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग माझी नावं असतील तुमच्यापाशी. दोनदा लिहिली होती. गेलेल्यांत दोघं परमुलखाचे मजूर होते, आदल्याच दिवशी कामाला आलेले. त्यांचं नाव-गाव मी तेव्हाच विचारलं, आता ध्यानात नाही. घरी कळवायला पाहिजे."

"नाहीत," गिरमाजी बोलिले.

बाई चिखल उपसावयास गेल्या.

पुढे दरवाजा प्रत्येकास त्याचे मागील पानी पोचवू लागला. पंतांस त्याबद्दल मानवस्त्रे मिळाली. गिरमाजींनी चाकरी सोडिली. त्या दोन मजुरांचे दहन नावावाचून झाले; त्यांची वाट कोणत्या गावी कोण पाहत आहे, हे राज्यास आजवर कळले नाही. इतुके घडले, ते येथवर लिहिले.