वीस इंची चाकं आणि सासऱ्यांची झोप

"बाबा या नव्या गाडीत झोपले नाहीत, तर मी दुकानाला कुलूप लावून हमाली करीन," असं जावईबापूंनी जेवणाच्या टेबलावर छातीठोकपणे सांगितलं, आणि त्यानंतर त्या घरात कोणाचीच झोप जागेवर राहिली नाही.

जावईबापू हे त्यांना सासऱ्यांनी दिलेलं नाव. एरवी सगळे त्यांना चष्मेवाले म्हणतात. दुकान चांगलं चालतं आणि त्याहून चांगली चालते ती मालकांची जीभ. नुसती चष्म्याची काडी घट्ट करून घ्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा भिंगांचा इतिहास आणि भूगोल ऐकूनच सुटतं. बायको भूलतज्ज्ञ. ऑपरेशनच्या टेबलावर ती रोज अनोळखी माणसांना गाढ झोपवते आणि वेळेवर उठवते. तिला झोपवता आला नाही असा माणूस एकच, तिचा स्वतःचा बाप.

सासरे शाळेत व्यायामशिक्षक होते. आयुष्यभर शिट्टीवर काम भागल्यामुळे त्यांना बोलायची सवय कधी लागलीच नाही. सासूबाई गेल्या आणि मुलीनं त्यांना ओढून आपल्या घरी आणलं. आले ते झोप मागे ठेवूनच. रात्रभर या खोलीतून त्या खोलीत त्यांच्या फेऱ्या चालायच्या. मुलीनं घरात शांततेचा कायदा केला. भिंतीवरचं टिकटिकणारं घड्याळ उतरवलं, दारांच्या कडांना फोम चिकटवला आणि नवऱ्याला बजावलं, "बाबा आहेत तोवर घरात तुमची टकळी बंद." टकळी बंद झाली. फेऱ्या काही थांबल्या नाहीत. शेवटी एक दिवस सासऱ्यांनी कपाटावरची बॅग खाली काढली.

"महिनाअखेरीला माझ्या घरी जातो," ते म्हणाले. "झोप बहुतेक तिथेच राहिली असेल. बघतो सापडते का."

म्हणाले विनोदानंच, पण मुलगी स्वयंपाकघरात जाऊन नुसता नळ सोडून उभी राहिली. त्या रिकाम्या घरात, सासूबाईंच्या खुर्चीसमोर, म्हातारा एकटा बसून राहणार हे तिला सहन होत नव्हतं. जावईबापूंनाही नव्हतं. सासरे त्यांना मनापासून आवडायचे. त्यांचं बोलणं मध्येच न तोडणारा जगात तो एकच माणूस होता.

आता एक गोष्ट घरात सगळ्यांनी पाहिलेली होती. सासरे आल्यापासून दर रविवारी जुन्या गाडीतून तिघं चक्कर मारायला जात, आणि गाडीत मात्र सासरे झोपत. आणि गाडी तरी कसली? काचा खडखडायच्या, मागचं दार दोरीनं बांधलेलं, पुढे जावईबापू रस्त्यावरच्या खड्ड्यांपासून डोळ्यांतल्या पडद्यापर्यंत हाती लागेल त्या विषयावर सुटलेले, आणि मागच्या सीटवर सासरे तोंड उघडं टाकून घोरत पडलेले. पण तेवढंही सुख नशिबात नव्हतं. एका चढावर जुन्या गाडीनं मान टाकली. मेकॅनिकनं बॉनेट उघडून आत पाहिलं आणि काही न बोलता हलक्या हातानं मिटलं.

तिथेच जावईबापूंच्या डोक्यात प्रकाश पडला. असल्या खटाऱ्यात जो माणूस झोपतो, तो आलिशान गाडीत किती झोपेल! लांबलचक वॅगन, मागे खोलीएवढी डिकी, आत सोफ्यासारख्या सीटा, अशी गाडी घ्यायची हौस त्यांना कित्येक वर्षांची होती. फक्त घ्यायला काही चांगलं कारण मिळत नव्हतं. आता सासऱ्यांच्या रूपानं ते मिळालं, आणि वर पुण्यही पदरात पडणार होतं.

नवरा-बायको शोरूममध्ये गेले. तिथल्या बाईंनी विचारलं, "चाकं कोणती देऊ? अठरा, एकोणीस की वीस इंची?"

"फरक काय?"

"चाक मोठं घेतलं की टायर पातळ होतो. दिसायला छान, पण रस्त्यावरचा खडा न् खडा आत कळतो. अठरा घेतलंत तर टायर जाड येतो. गादीसारखा. आराम हवा असेल तर अठराच घ्या."

जावईबापूंनी मान डोलावली. आराम हवा होता यात वादच नव्हता. पण समोर वीस इंची चाकांची गाडी उभी होती आणि तिची चाकं चांदीच्या ताटांसारखी चमकत होती. शेजारीच उभी असलेली अठरा इंची चाकांची गाडी त्यांना पायात चपला घालून लग्नाला आल्यासारखी वाटली. त्यांनी वीस घेतली. एवढी मोठी गाडी म्हटल्यावर आराम आपोआप येतोच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

पहिल्या रविवारी बायकोनं निघण्याआधीच सूचना दिली, "आता कुठे बाबांना गाढ झोपायची संधी आहे. रेडिओ नको, हॉर्न नको, आणि तुम्ही तर अजिबात नको." गाडी निघाली. आत देवघरासारखी शांतता होती. जावईबापूंनी ओठ इतके घट्ट मिटले होते की त्यांच्या कानशिलांना रग लागली. आरशात पाहिलं तर मागे सासरे ताठ बसलेले, परेडला उभे असल्यासारखे. खड्डा आला. गाडी दणकन आदळली.

"खड्डा," सासरे म्हणाले.

पुढे आणखी एक आला. "हाही खड्डा," सासरे म्हणाले. पूर्ण फेरीत ते एवढंच बोलले, आणि त्यांची पापणी एकदाही मिटली नाही.

"चाकं," घरी आल्यावर बायको म्हणाली. तिला त्या शोरूमवाल्या बाईंचं बोलणं चांगलं आठवत होतं.

दुसऱ्याच दिवशी जावईबापू टायरच्या दुकानात गेले आणि अठरा इंची चाकं बसवून आले. काढलेली वीस इंची चाकं विकायला मन होईना, म्हणून ती घराच्या पॅसेजमध्ये ओळीनं मांडली. गाडी खरोखरच मऊ झाली. खड्डे आता नुसते कुजबुजून जात. जावईबापू पुन्हा तोंडाला कुलूप लावून गाडी हाकत होते, बायको श्वाससुद्धा बेतानं घेत होती, आणि सासरे मागे टक्क जागे राहून दुकानांच्या पाट्या मनात वाचत होते.

"झोप येते का बाबा?" बायकोनं हळूच विचारलं.

"नाही. पण गाडी छान आहे हो," सासरे म्हणाले. म्हातारा फार भला. जावयाचं मन मोडू नये म्हणून त्यांनी एकदा डोळेही मिटून पाहिले, पण मिटलेल्या डोळ्यांनी ते इतके ताठ बसले की त्यांची सोंगाची झोप लगेच उघडी पडली.

मग जावईबापू इरेला पेटले. त्यांनी टायरमधली हवा कमी केली. गाडी इतकी मऊ झाली की वळणावर डुलायला लागली आणि एक सायकलवाला बराच वेळ पाठलाग करत ओरडत आला, "साहेब, चारही पंक्चर आहेत." मग त्यांनी दुकानातली पद्धत वापरली. डोळे तपासताना एक भिंग लावायचं, दुसरं लावायचं आणि विचारायचं, हे बरं की ते? त्यांनी सासऱ्यांना अठरा इंची चाकांवरून एका गतिरोधकावरून नेलं, टायरच्या दुकानात जाऊन वीस इंची चाकं चढवून घेतली आणि पुन्हा त्याच गतिरोधकावर आणलं.

"आता नीट सांगा बाबा. मगाशी बरं होतं की आत्ता?"

सासऱ्यांनी विचार केला. "मगाशी म्हणजे कधी? मध्ये माझं जेवण झालं."

टायरवाला आता जावईबापूंना पाहिलं की न विचारताच जॅक बाहेर काढू लागला होता. पॅसेजमध्ये कधी वीसची चाकं असत, कधी अठराची. आणि व्हायचं तेच झालं. रात्रीच्या फेरीत सासऱ्यांच्या पायाचा अंगठा एका चाकाला ठेचला आणि सकाळी टम्म सुजला. आता फेऱ्याही बंद. सासरे नुसते पलंगावर बसून राहू लागले. बॅग भरलेली होतीच, महिनाअखेर तोंडावर आली होती. बायकोनं बापाच्या अंगठ्याला पट्टी बांधली आणि नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, "तुम्ही खूप केलंत. आता राहू दे. झोप काही टायरमध्ये भरून मिळत नाही."

त्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जावईबापूंच्या फार जिव्हारी लागलं. वीस फार आदळतात, अठरा फार डुलतात, मग मधली एकोणीस उरतात. एवढा एकच उपाय आता शिल्लक होता. बापलेकीला गाडीत घालून ते शेवटचं म्हणून टायरवाल्याकडे गेले.

अंगठ्यामुळे सासऱ्यांना उतरवेना. टायरवाल्यानं आधी कुरकुर केली, मग गाडी लिफ्टवर घेऊन जेमतेम वीतभर उचलली आणि चारही चाकं काढली. सासरे आत मागच्या सीटवर बसून होते. बायको फोनवर बोलत रस्त्याच्या कडेला गेली. टायरवाला एकोणीसची चाकं शोधता शोधता सहज म्हणाला, "साहेब, एक विचारू? एवढी अदलाबदल केलीत, शेवटी अठरात आणि वीसमध्ये तुम्हाला फरक काय वाटला?"

किती दिवसांनी जावईबापूंना कोणीतरी काहीतरी विचारलं होतं. शिवाय बायको लांब होती. धरणाचं दार उघडावं तसे ते सुटले.

"फरक? अहो, सगळा खेळ टायरच्या भिंतीचा आहे. चाक आणि रस्ता यांच्यामध्ये रबराची जी उभी भिंत असते ना, ती उंच असली की धक्का तीच पिते. अठराच्या चाकाला ती भिंत उंच असते, म्हणून मऊ पडतं. वीसला ती असते बोटभर. आता भिंगाचंच घ्या. भिंग जाड असलं की..." आणि तिथून ते भिंगांवर गेले, भिंगांवरून डोळ्यांवर, डोळ्यांवरून उंटाच्या पापण्यांवर. ते गाडीच्या उघड्या खिडकीला टेकून बोलत होते. मागे कोणीतरी हातोडा मारत होतं, हवेचा पंप ठणाणा करत होता. त्या सगळ्यातून एक वेगळा आवाज यायला लागला.

टायरवाल्यानं बोट दाखवलं. जावईबापूंनी बोलता बोलताच वळून पाहिलं. गाडीत सासरे घोरत होते. मान एका बाजूला पडलेली, तोंड उघडं, सुजलेला अंगठा पुढच्या सीटवर आरामात टेकवलेला. गाडीला त्या वेळी एकही चाक नव्हतं.

बायको धावत आली. तिनं वाकून बापाचा श्वास ऐकला, मनगट धरलं, आणि तिचे डोळे भरून आले. "खरी झोप आहे," ती म्हणाली. "गाढ."

हे ऐकून जावईबापू आश्चर्यानं गप्प झाले. त्याबरोबर सासऱ्यांनी डोळे उघडले.

"थांबलात का?" त्यांनी विचारलं.

सासरे जरा सावरून बसले. "अहो, हिची आई दिवसभर बोलत असायची. शेजारणी, भाजीचे भाव, माझी बनियनं, कशावरही. मी ऐकत होतो असं नाही. पण घरात कोणीतरी बोलतंय म्हणजे सगळं ठीक चाललंय, आता आपला डोळा लागला तरी चालेल, असं वाटायचं. ती गेली आणि घर गप्प झालं. इथे आलो तर तुम्ही सगळे गप्प. जुन्या गाडीत तेवढे जावईबापू बोलायचे, तर या नव्या गाडीत तेही गप्प झाले. मला वाटलं, माझ्यावर रागावलेत."

"रागावेन कशाला बाबा," जावईबापू पुटपुटले.

बायकोनं पदरानं नाक पुसलं, मग हसू आवरत म्हणाली, "माणसाला झोपवायचं शिकायला माझी इतकी वर्षं गेली. तुम्ही नुसतं तोंड उघडलंत." हे कौतुक होतं की काय, हे जावईबापूंना अजून नक्की ठरवता आलेलं नाही.

"बॅग?" तिनं बापाला विचारलं.

"ठेव कपाटावर," सासरे म्हणाले आणि त्यांनी पुन्हा मान टेकवली. "हां, उंटाच्या पापण्यांचं काय म्हणत होतात?"

"साहेब, मग चाकं कुठली लावू?" टायरवाल्यानं विचारलं. पण साहेब पापण्यांवर होते आणि त्यांना मध्ये थांबायची परवानगी नव्हती. शेवटी बायकोनंच अठराची लावायला सांगितली.

आता घड्याळ पुन्हा भिंतीवर आलं आहे. जेवणं आटोपली की जावईबापूंना सासऱ्यांच्या खोलीत हजेरी लावावी लागते. बसायला तिथे वीस इंची चाक आडवं टाकलं आहे. पॅसेजमधली तीन गेली, एक एवढ्यासाठी ठेवलं. दिसायला अजून तसंच चांदीच्या ताटासारखं आहे, पण बसायला फार टणक. परवा बोलता बोलता जावईबापूंनी तिसऱ्यांदा बैठक बदलली, तशी अर्धवट झोपेतून सासरे म्हणाले, "अठराचं घ्या बसायला. त्याची भिंत उंच असते. मऊ पडतं."

जावईबापू बोलता बोलता एकदम थांबले. इतक्या वर्षांत कोणीतरी त्यांचं बोलणं ऐकलं होतं, वर लक्षातही ठेवलं होतं. खोलीत क्षणभर शांतता पसरली, आणि सासरे टक्क जागे झाले. मग बिचाऱ्या जावईबापूंना पुन्हा पहिल्यापासून, वीस इंचांपासून सुरुवात करावी लागली.