आबाजी दुभाष्यांचा अडलेला शब्द

बुलढाण्याच्या कचेरीत साक्षीदाराचा धर्म विचारायला आबाजी दुभाष्यांना जेवढा वेळ लागे, तेवढ्यात शेजारच्या कोर्टात अर्धा खटला उरकलेला असे.

कोर्टातले इंग्रज साहेब एकच शब्द टाकत, "रिलिजन?" आबाजी तो झेलत आणि घुटमळत. कारण एकदा त्यांनी सरळ "तुझा धर्म काय?" असं विचारलं होतं आणि धामणगाव बढ्याच्या एका शेतकऱ्यानं हात जोडून सांगितलं होतं, "दारी आलेल्याले भाकर देनं, अन् बैलाले चारल्याबिगर न जेवनं." आबाजींनी ते शब्दशः इंग्रजीत सांगितलं. साहेब म्हणाले, असा धर्म नसतो, पुन्हा विचारा.

तेव्हापासून त्यांचं त्या शब्दाशी बिनसलं.

मी त्यांचा शेजारी, शाळामास्तर. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसायचो. "मास्तर, हा शब्द सायबानं सोताच्या मापानं शिवला," ते म्हणत. "देव एक, पुस्तक एक, वार एक. किरिस्तावाले बरोबर बसते. करीममियाले काखेत दाटते. अन् आपल्यात तं बाही कोनती अन् गळा कोनता, थेच समजत नाही!"

करीममिया म्हणजे समोरचे बांगडीवाले. ते म्हणत, "पंतजी, हमारे में उठना-बैठना, तोलना-मापना, सब दीन है, सब मजहब है." आणि मिशनच्या दवाखान्यातल्या नर्स रूथबाई हसत. "मला तरी कुठं बरोबर बसतो? माझी आई अजून नागपंचमीला विळी हातात धरत नाही." आबाजी हताश होऊन कपाळाला हात लावत.

एका रविवारी भर बाजारात एक म्हातारी उन्हानं कोसळली. वाचा गेलेली. कपाळ मोकळं, हात मोकळे, अंगावर साधं लुगडं. भोवती गर्दी जमली, पण पाणी कुणी पुढं करेना. हिंदूंना वाटे, मुसलमान असली तर? करीममिया लोटा घेऊन उभे. त्यांना वाटे, एखाद्या बामणाची विधवा असली तर बाटवल्याचं पाप लागेल. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "आबाजी आले! आबाजी, विचारा बरं धर्म!"

आता पाव तास गेला, असं मला वाटलं. आबाजी खाली वाकले.

"माय, तहान लागली काय?"

म्हातारीनं डोळे मिटून उघडले. आबाजींनी करीममियांच्या हातातला लोटा घेतला आणि तिच्या ओठांना लावला. मागून कुणी ओरडलं. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

म्हातारीला त्यांनी घरी आणलं. रूथबाई औषध देऊन जात, करीममियांच्या घरून खिचडी येई, माझी बायको तिची वेणीफणी करी. काही दिवसांनी तिला वाचा फुटली. पहिला शब्द आला, "बीबी!"

"देखा!" करीममिया उठून उभे राहिले. "हमारी निकली!"

"अगा, थे गावाचं नाव आहे," आबाजी म्हणाले.

बीबीला निरोप गेला, लेक धावत आली. म्हातारी माळ्याची निघाली. खिचडी कुणाची ते ऐकून लेकीचा चेहरा उतरला. भावकी काय म्हणेल? आम्ही सगळेच अवघडलो. तेव्हा म्हातारी अडखळत म्हणाली, "काऊन वं, मी तहानेनं मेली असती तं धर्म राह्यला असता काय?"

लेकीनं पदर डोळ्यांना लावला. आणि करीममियांना वाकून नमस्कार केला.

म्हातारीला घेऊन लेकीची बैलगाडी गेली. ओट्यावर पुन्हा आम्ही तिघेचौघे उरलो. आबाजींची बायको फार वर्षांपूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं. त्यांना लग्नाकार्याला कुणी बोलावतं का, हे विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

तुळशीचं लग्न झालं आणि एका सकाळी ते माझ्या दारात उभे. धुतलेलं धोतर, नवा कोट, हातात गुलाबी कापडाची भली मोठी घडी.

"बीबीले लग्न आहे," ते म्हणाले. "म्हातारीच्या नातीचं. म्हातारीची लेक म्हणे, नवरीचे मामा तुमी, तुमी आल्याबिगर अक्षदा पडनार नाही." मग घडी माझ्यापुढं करून ते दुसरीकडंच पाहू लागले. "मास्तर, फेटा बांधता येते काय तुमाले? माही बायको बांधून द्यायची. मले कधी शिकाचं कामच नाही पडलं."

मी त्यांना पाटावर बसवलं.