सुधाकाकूंचा खोकला

आमच्या ऑफिसात कोणी 'इन्सिडंट' म्हटलं की सुधाकाकूंना खोकला यायचा. एरवी मिशिगनच्या हिवाळ्यातही ही बाई कधी शिंकली नाही. पण साहेबांनी चोरीला 'इन्सिडंट' म्हटलं की एकदा आणि मारामारीला 'गैरसमज' म्हटलं की दोनदा, हे ठरलेलं. शेवटी साहेबांनी खोकल्याच्या गोळ्यांची बरणी आणून दिली. काकूंनी ती येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांत वाटून संपवली.

आमचं ऑफिस म्हणजे युनिव्हर्सिटीचं विद्यार्थ्यांच्या वर्तनाचं खातं. बाहेरचा गुन्हा कॅम्पसच्या हद्दीत आला की त्याचा नियमभंग होतो. बाहेर शिक्षा असते, आमच्याकडे निबंध असतो. काकू सुनावणीची टिपणं घ्यायच्या, मी कॉम्प्युटर सांभाळायचो. तीन लॅपटॉप चोरणाऱ्या एका मुलाने 'माझ्या निर्णयांचा इतरांवर परिणाम' या विषयावर पाचशे शब्द लिहून दिले आणि तो सुटला. काकूंनी तो निबंध लाल पेनने तपासून फायलीत लावला. म्हणाल्या, "निदान स्पेलिंग तरी सुधरू दे मेल्याचं."

मग केतकीची केस आली. जळगावची मुलगी, मास्टर्सला आलेली. हॉस्टेलच्या लाँड्रीत हॉकीच्या टीममधल्या एका मुलाला तिने मशीनमधले कपडे काढायला सांगितले. त्याने तिला लाँड्रीबाहेरच्या जिन्यावरून ढकललं. उजवं मनगट मोडलं. हे दोन साक्षीदारांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

साहेब म्हणाले, "दोघांच्या संवादात थोडी उणीव राहिली."

काकू इतक्या खोकल्या की रेकॉर्डिंग थांबवावं लागलं.

निकाल असा लागला: मुलाने निबंध लिहायचा आणि दोघांनी एकमेकांसमोर यायचं नाही. त्याच्या प्रॅक्टिसच्या वेळा पक्क्या असल्यामुळे हॉस्टेल केतकीने बदलायचं. मोडक्या हाताने सामान कसं हलवायचं, याबद्दल आमच्या नियमावलीत काही नव्हतं.

काकूंनी तिला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "पोलिसांकडे गेली होतीस?"

"नाही. तुमचे सर म्हणाले, इथेच सॉल्व्ह होईल. आणि माझा व्हिसा..."

"मार खाल्ला म्हणून कुणाचा व्हिसा जात नाही गं. चल, गाडी खाली आहे."

मी हळूच म्हटलं, "काकू, तुमची नोकरी जाईल."

"माझा लंच ब्रेक आहे," काकू म्हणाल्या. अकरा वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच तो घेतला होता.

पोलिसांनी केतकीचा जबाब घेतला, साक्षीदारांना बोलावलं. काही महिन्यांनी मुलाने कोर्टात गुन्हा कबूल केला. त्याला तुरुंगाऐवजी देखरेखीखालचं प्रोबेशन मिळालं, टीममधून नावही गेलं. सुरक्षिततेकडे आपण अत्यंत गांभीर्याने पाहतो, अशी ईमेल युनिव्हर्सिटीने सगळ्यांना पाठवली. गांभीर्याने पाहणारी एकमेव व्यक्ती म्हणजे काकू. त्यांना तटस्थता मोडल्याबद्दल दोन तासांचं ट्रेनिंग लावलं. त्याच्या शेवटी निबंधही होता. काकूंनी एकच ओळ लिहिली: 'मी तिला पोलीस स्टेशनला नेलं.' स्पेलिंगची एकही चूक नव्हती.

केतकीच्या हाताला प्लास्टर होतं, त्या दिवसांतली एक गोष्ट मला जरा उशिराच कळली. सकाळी ऑफिसला येताना काकूंची गाडी तिच्या नव्या हॉस्टेलसमोर दिसायची. एकदा विचारलंच.

"वेणी घालायला जाते," काकू म्हणाल्या. "कमरेपर्यंत केस आहेत तिचे. एका हाताने कसे आवरणार?"

काका जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगी सिएटलला, रविवारी फोन करते. तिचे केस आखूड आहेत, एवढंच काकू तिच्याबद्दल बोलल्या.

प्लास्टर निघालं त्या दिवशी मी म्हटलं, "चला, सुटलात आता."

काकू टिपणं टाइप करत राहिल्या. मग स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या, "मी म्हटलं तिला, इतक्यात हाताला ताण देऊ नकोस. अजून आठवडाभर येते मी. हे डॉक्टर लोक घाईच करतात."