आत असल्याचा दाखला

माणसाला त्रास होतो तो थांबावे लागते म्हणून नव्हे, तर किती थांबावे लागणार हे कळत नाही म्हणून. दवाखान्याचा बाक, न्हाव्याचे दुकान, मुलाची नोकरी, सगळीकडे हेच. या सत्यावर शास्त्रशुद्ध उपाय प्रथम आमच्या बंदराने केला, आणि त्यात खारीचा वाटा माझा आहे. (खारीपेक्षा बराच मोठा आहे, पण आपल्या तोंडाने कशाला सांगा.) मी बंदराच्या माहिती कक्षात दुय्यम समन्वय अधिकारी आहे.

पूर्वीची अवस्था सांगतो, म्हणजे आजची प्रगती डोळ्यांत भरेल. कंटेनर न्यायला आलेले ट्रक गेटबाहेर रांगेत उभे असत. क्रेन बंद पडली आहे हे क्रेनवाल्यांना ठाऊक असे, पण ते यार्डाला सांगत नसत. हवा तो कंटेनर सहा कंटेनरांच्या खाली दबला आहे हे यार्डाला ठाऊक असे, पण ते गेटला सांगत नसत. गेटवाले कुणालाच काही सांगत नसत, तो त्यांचा स्वभावच. ड्रायव्हर लोकांना जे काही कळे ते गेटसमोरच्या टपरीवरच्या मावशीकडून. कोणती क्रेन रुसली, कोणता कारकून जेवायला गेला आणि किती वेळाने ढेकर देत परत येणार, हे बाई चहा गाळता गाळता सांगत. त्यांची माहिती दर वेळी बरोबर निघे, आणि हाच त्यांचा मोठा दोष होता. बिनपगारी बाईचे सगळे खरे ठरू लागले तर पगारी माणसाने तोंड कुठे लपवायचे?

म्हणून ‘ताजी माहिती योजना’ आली. क्रेन, यार्ड, गेट, सर्वांच्या हाती एकेक टॅब दिला. जे घडेल ते घडल्या क्षणी भरायचे, की ते सगळ्यांना त्याच क्षणी दिसणार. घडल्यावर दोन मिनिटांनी भरले तर नोंद लाल होणार, कारण ती शिळी. तीन लाल नोंदी झाल्या की खुलासा द्यायचा.

पहिल्या आठवड्यात सगळा पडदा लाल झाला. चाळीस फुटी कंटेनर हवेत लोंबकळत असताना क्रेनवाल्याने बोट कशावर ठेवायचे? साहेबांनी बैठक घेतली. बैठकीत बिस्किटे संपली तरी तोडगा निघेना. शेवटी यार्डाचा मुकादम, जो एरवी तोंड उघडतो ते जांभईसाठी, तो बोलला.

"साहेब, घडताना भरता येत नाही. घडल्यावर भरलं तर शिळं. मग राहिलं काय? आधी भरायचं."

या वाक्यातले तर्कशास्त्र मी पुष्कळदा तपासून पाहिले आहे. कुठेही फट नाही.

दुसऱ्या दिवसापासून मुकादम सकाळी आठला बसून संध्याकाळपर्यंतचे सगळे कंटेनर ‘चढवले’ म्हणून भरू लागला. माहिती इतकी ताजी, की घटना अजून व्हायची असे. क्रेनवाल्यांनी त्याचेच बघून आपले भरले. गेटवाल्यांच्या पडद्यावर ट्रक भरलेला दिसला, की ते ‘बाहेर पडला’ असे भरीत. भरलेला ट्रक बाहेर नाही पडणार तर काय आत अंडी घालणार? ट्रकला आमच्याकडे सरासरी सहा तास वीस मिनिटे लागत, ती वेळ अडतीस मिनिटांवर आली. एकोणीस ट्रक तर आत येण्याआधीच बाहेर पडले. त्यांचा वेळ उणे येतो, आणि सरासरी काढताना आम्ही तो प्रामाणिकपणे उणेच धरला.

आम्हाला उत्कृष्ट बंदराची ढाल मिळाली. दूरदूरची शिष्टमंडळे येऊन माहिती कक्षातला मोठा हिरवा पडदा पाहून गेली. (खिडकीला जाड कापड लावले आहे, कारण उजेडाने पडद्यावर चमक येते. खिडकीतून ट्रकची रांग दिसत असे.) मावशींची टपरी प्रतिस्पर्धी माहिती केंद्र ठरवून दोनशे मीटर मागे सरकवली. रांगही वाढत वाढत तिथवर गेल्यामुळे त्यांचे काही बिघडले नाही, हे मला मुद्दाम नमूद करावेसे वाटते, कारण आम्ही दुष्ट आहोत असा समज पसरवला जातो.

योजनेचा कळस म्हणजे कुटुंब सुविधा. ड्रायव्हरच्या घरच्यांना फोनवर नकाशा दिसतो आणि त्यावर निळा ठिपका. ट्रक बाहेर पडल्याची नोंद झाली की ठिपका आपोआप निघतो, माल उतरवून घरच्यांनी भरलेल्या ठिकाणाकडे ठरल्या वेगाने चालतो, सिग्नलला थांबतो. वाटेत दहा मिनिटे चहालाही थांबतो. हा बारकावा मी सुचवला होता.

आता घड्याळकाकांचे प्रकरण. त्यावरून आमच्यावर थोडी टीका झाली म्हणून सविस्तर सांगतो.

घड्याळकाका हे बावीस वर्षे कंटेनर ओढणारे ड्रायव्हर. कुणाचा माल एकदाही उशिरा पोचवला नाही, म्हणून हे नाव. त्या दिवशी ते सकाळी अकरा वाजून दोन मिनिटांनी आत आले. अकरा चाळीसला यंत्रणेने त्यांना बाहेर काढले. साडेबाराला काका रिकामा ट्रेलर घेऊन यार्डात मुकादमासमोर उभे.

"माझा कंटेनर?"

"तुमच्या ट्रेलरवर."

"अहो, मागे वळून बघा की. पाटी कोरी आहे."

"बघायचं काम माझ्याकडे नाही, काका. माझ्याकडे भरायचं आहे."

काका म्हणाले, राहू दे तुझा कंटेनर, मी रिकामाच जातो. गेटवर रखवालदाराने दांडा उचलला नाही. तोही सज्जन माणूस, काकांना ओळखणारा.

"काका, तुम्ही गेलात."

"अरे बाबा, मी तुझ्यासमोर उभा आहे!"

"ते दिसतंय मला. पण अकरा चाळीसला गेलात. आता पुन्हा सोडलं तर दोनदा गेल्यासारखं होईल. शिवाय गेलात तेव्हा भरलेले होतात. रिकामे दिसलात तर कंटेनर कुठे विकला, असं मलाच विचारतील."

चालत जाऊ का, असे काकांनी विचारले. चालत जाणाऱ्या ड्रायव्हरला ट्रक आत उभा असल्याची चिठ्ठी लागते. ट्रक तर हमरस्त्यावर ताशी चाळीसच्या वेगाने चालला होता.

अशा प्रकारे दोन वाजता ते माझ्याकडे आले. हातात चाके असलेली निळी बॅग. मी त्यांना बसा म्हटले. (अर्जदाराला खुर्ची देण्याचा नियम नाही. मी दिली. टीकाकार हे सांगत नाहीत.)

"साहेब, आज पोरगी चाललीय," ते म्हणाले. "दुसऱ्या गावात नोकरी लागलीय. पहिल्यांदाच घराबाहेर राहणार. साडेपाचची बस आहे. बसवून द्यायला येतो, असं कबूल केलंय. ही तिची बॅग. चाक तुटलं होतं, इथल्या वेल्डरकडून बसवून घेतलं. कपडे घरी पिशव्यांत बांधून ठेवलेत मायलेकींनी, मी गेलो की ह्यात भरायचे. बावीस वर्षं लोकांचा माल वेळेवर पोचवला, आता स्वतःच्या लेकीला उशीर करू का?"

बॅगेचे नवे चाक जुन्यापेक्षा थोडे मोठे होते, त्यामुळे बॅग एका अंगाला कलून उभी होती. मी म्हटले, काळजी नको, उपाय आहे. ‘आत असल्याचा दाखला’ असा नमुना आमच्याकडे आहे. त्याला क्रेन, यार्ड आणि गेट अशा तिघांच्या सह्या लागतात, आणि अर्जदार आत असल्याचा यंत्रणेतला उतारा जोडावा लागतो. उतारा काढला. त्यावर काका पुलावर होते.

तीन वाजता त्यांनी घरी फोन लावला, आवाज मोठा करून. "अगं, मी अडकलोय. बंदरातच आहे अजून."

"अहो, चेष्टा पुरे," पलीकडून त्यांची बायको म्हणाली. "पूल ओलांडताना दिसलात की. चहा प्यायला थांबलात तेही दिसलं. या सावकाश, घाई करून गाडी हाणू नका."

काकांनी फोन ठेवला. मला, खरे सांगतो, अभिमान वाटला. नवऱ्यापेक्षा आमच्या ठिपक्यावर बायकोचा जास्त विश्वास, हे यश लहान नाही.

त्यानंतर ते यार्डात जाऊन आले, क्रेनपाशी जाऊन आले, गेटवर जाऊन आले. प्रत्येक जण म्हणाला, बाकीच्या दोघांनी सही केली तर मीही करतो. दर खेपेला ते बॅग सोबत नेत, आणि मोठ्या चाकाचा खडखडाट जिन्यापासून ऐकू येई. पाच वाजता ते पुन्हा येऊन खुर्चीत बसले. अर्ज मांडीवर, बॅग पायाशी. माझ्याकडे अर्जाचे काम उरले नव्हते, म्हणून मी पडदा बघत होतो. ठिपका एस.टी. स्थानकात शिरला तेव्हा पाच वाजून बारा मिनिटे झाली होती. अठरा मिनिटे शिल्लक. घड्याळकाकांच्या लौकिकाला शोभेल असेच.

पाच वीसला मुलीचा फोन आला.

"बाबा, तुम्ही तीन नंबरच्या फलाटावर दिसताय. मीसुद्धा तिथंच उभी आहे. कुठं आहात तुम्ही?"

काकांनी माझ्याकडे पाहिले. मी एक फाईल उघडली. कोणती ते आठवत नाही.

"आलोच गं," काका म्हणाले. "पाण्याची बाटली घेतोय. तू चढ आत, खिडकी धर."

"आणि बॅग?"

"ती आहे माझ्याजवळ. चाक असं मजबूत बसवलंय, बघशील तू."

मग बराच वेळ नुसता गलका ऐकू येत राहिला. कंडक्टरची घंटा वाजली.

"बाबा, सुटतेय हो बस! कुठं आहात?"

"हा काय इथंच. दिसतेयस मला. गर्दी आहे फार, पुढं येता येत नाही. हात हलव. हां... दिसला. दिसला गं. जपून राहा, पोचलीस की कळव."

मुलीने हात हलवला असणार. (याची यंत्रणेत नोंद नाही.)

काकांनी फोन खिशात ठेवला, अर्जाची घडी करून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो पोरीशी."

मी घडी उलगडून अर्जावर शिक्का मारला. अर्ज निकाली निघाला. आपण बाहेर असल्याचे अर्जदाराने स्वतःच, साक्षीदारासमक्ष, तोंडी कबूल केले होते. तेवढ्यात आमच्या घरून फोन आला, कधी येताय म्हणून. निघालोच, असे सांगून मी पुढची फाईल घेतली.

काका शेवटी बाहेर कसे पडले, हे सांगायला मला आवडत नाही. मावशींनी कुणाच्या तरी हाती निरोप धाडला: सहाला रखवालदार बदलतो, नव्याचा टॅब चालू व्हायला दहा मिनिटे लागतात, तेवढी दहा मिनिटे तो बिचारा डोळ्यांनी बघतो. सहा वाजून चार मिनिटांनी नव्या रखवालदाराला समोर एक रिकामा ट्रक आणि एक म्हातारा होत चाललेला माणूस दिसला. त्याने दांडा उचलला. माहिती याही वेळी बरोबर निघाली. टपरी आणखी शंभर मीटर मागे नेण्याचा प्रस्ताव मी पाठवला आहे.

ठिपका काकांच्या आधी दोन तास घरी पोचला होता.

त्याच रात्री नियमाप्रमाणे कुटुंबाला प्रश्न गेला: ‘आपला ड्रायव्हर वेळेवर पोचला का?’ मुलगी दोन पिशव्या मांडीवर घेऊन बसमध्ये होती. तिने ‘हो’ दाबले. का दाबले, हे विचारण्याची सोय पडद्यावर नाही. त्या महिन्यात आमचे समाधान शंभर टक्के भरले.

आता तुम्ही आमच्यावर चिडला असाल. चिडा. पण या प्रकरणी नेमलेल्या चौकशी समितीनेही चिडूनच विचारले होते, की घडण्याआधीच घडले म्हणून भरायचे, ही अक्कल मुकादमाला कुणी शिकवली? मुकादम म्हणाला, "कुणी शिकवायला कशाला हवं? घरोघरी हेच चालतं." समितीला ते उद्धट वाटले, म्हणून पडताळणीसाठी सामान्य नागरिकांचे चाळीस हजार संदेश तपासले गेले. ‘निघालो’ हा संदेश पायांत चपला घालण्याआधी सरासरी सत्तावीस मिनिटे पाठवला जातो. ‘पाच मिनिटांत’ म्हणजे एक्केचाळीस मिनिटे. ‘वळणावरच आहे’ असे कळवणाऱ्यांपैकी अकरा टक्के त्या वेळी आडवे होते. समितीने मुकादमाला निर्दोष सोडले, आणि नागरिकांची ही पद्धत यंत्रणेत कायमची बसवून घेतली. ठिपका आता तुमच्याच हिशेबाने चालतो.

तेव्हा दोष द्यायचा तर जरा जपून द्या. आज तुम्हीही कुणाला तरी ‘आलोच’ म्हणून कळवले आहे, आणि आमच्या पडद्यावर तुम्ही केव्हाच पोचलात. तिकडे कुणीतरी गर्दीत तुम्हाला शोधत हात हलवते आहे, आणि तुम्ही अजून इथे बसून आमची गोष्ट वाचता आहात.